सोलर आलं, पण पाचव्या वर्षी कोण येणार?

गेल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न राजकारणाचा नाही. प्रश्न एकच, "भाऊ, सोलर टाकू का?"

चहाच्या टपरीवर, बाजार समितीत, लग्नाच्या पंगतीत, अगदी दहाव्याला गोदाघाटावर उभं असतानाही हाच प्रश्न. पत्रकार म्हणजे याला सगळं माहीत, असा आपल्याकडे एक गैरसमज आहेच. मी आपला "टाका" म्हणून मोकळा होतो. पण परवा एका जुन्या मित्राला "टाक" म्हणालो आणि त्यानं उलट विचारलं, "आणि बिघडलं तर?" तेव्हा गप्प बसलो. त्या दोन शब्दांचं उत्तर द्यायचं तर दीडशे वर्षं मागं जावं लागतं. म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

नाशिकहून निफाडकडं निघा, गच्च्यांकडं बघत चला. पाच वर्षांपूर्वी टाक्या, डिश आणि वाळत घातलेले कपडे दिसायचे. आता मध्येच निळेकाळे पॅनल चमकतात. मळ्यात मोटारीशेजारी पॅनल, शाळेवर पॅनल, पतसंस्थेवर पॅनल. असं वाटतं की सूर्याची वीज आपल्याकडं आत्ताच आली. तसं नाही. सूर्य आपल्या दारात याआधी बऱ्याचदा येऊन परत गेलाय. तो का परत गेला, हे समजलं की यावेळी काय जपायचं तेही समजतं.

मुंबईचा साहेब आणि अडीच हॉर्सपॉवरचा पंप

पहिली गोष्ट १८७० च्या दशकातली. मुंबई हायकोर्टात विल्यम अ‍ॅडम्स नावाचा इंग्रज डेप्युटी रजिस्ट्रार होता. काम कोर्टाच्या कागदांचं, नाद उन्हाचा. त्याचं म्हणणं साधं होतं. हिंदुस्थानात सरपण महाग, कोळसा विलायतेहून बोटीनं येतो आणि ऊन मात्र डोक्यावर फुकट ओतलं जातंय, मग ते वापरायचं का नाही?

त्यानं आरसे लावलेली आठ बाजूंची पेटी करून सूर्यचूल बनवली. जानेवारीत, म्हणजे मुंबईच्या त्यातल्या त्यात थंड महिन्यात, सात सैनिकांचं जेवण त्या चुलीवर दोन तासांत शिजलं. मग पुढची पायरी. कुलाब्यातल्या आपल्या आवारात त्यानं सपाट आरशांची एक मोठी चळत उभी केली, त्यांचं ऊन एका बॉयलरवर पाडलं आणि त्या वाफेवर अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन चालवून पंप फिरवला. लोक बघायला यायचे. १८७८ साली त्यानं यावर पुस्तकही छापलं, तेही मुंबईतच.

अडीच हॉर्सपॉवर हा आकडा लक्षात ठेवा. आज सरकार अडीच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला तीन हॉर्सपॉवरचा सौर पंप देतं. म्हणजे जवळपास तेवढंच काम एका कोर्टाच्या कारकुनी साहेबानं दीडशे वर्षांपूर्वी कुलाब्यात करून दाखवलं होतं!

मग ते पसरलं का नाही? कारण सूर्य एका जागी थांबत नाही. तो सरकेल तशी ती आरशांची चळत बॉयलरभोवती सरकवायला दिवसभर माणूस लागायचा. आणि रेल्वे जसजशी पसरली तसा कोळसा सगळीकडं पोचू लागला. कोळशाच्या मागं खाणी, बोटी, रेल्वे, दुकानदार, मिस्त्री अशी सगळी फौज होती. अ‍ॅडम्सच्या आरशांमागं एकटा अ‍ॅडम्स होता. यंत्र चांगलं होतं, पण त्याला सांभाळणारं कोणी नव्हतं.

सूर्यचूल, जी माळ्यावर गेली

दुसरी गोष्ट स्वातंत्र्यानंतरची. १९५० च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनं सूर्यचूल तयार केली, ती बाजारातही आली. कौतुक खूप झालं, खप झाला नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईनं भर उन्हात उभं राहायचं, सूर्य सरकेल तशी चूल सरकवायची आणि संध्याकाळची भाकरी मात्र पुन्हा जुन्याच चुलीवर. शिवाय शेण आणि काटक्या घरच्या. कोण कशाला पैसे घालेल?

पुढं १९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि जगाला पुन्हा सूर्य आठवला. साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीनं १९७७ साली देशातला पहिला सौर सेल आणि १९७८ साली पहिलं पॅनल बनवलं. १९८२ साली केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचा वेगळा विभाग झाला, १९८५ साली आपली 'मेडा' स्थापन झाली. त्या काळात अनुदानावर पेटीसारखे सोलर कुकर मिळायचे. आत काळे डबे, वर काच, झाकणाला आरसा. माझ्या पिढीच्या लोकांना आठवत असेल, शेजारच्या मास्तरांच्या ओट्यावर असा एक असायचाच. वरणभात छान व्हायचा. पण आरसा तडकला की संपलं. नवा आरसा कुठं मिळणार, कोण बसवणार, कोणालाच माहीत नसायचं. कुकर माळ्यावर जायचा आणि त्यात जुनी रद्दी भरली जायची.

आमच्या शेजारच्या शिर्डीत मात्र २००९ साली वेगळं घडलं. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर ७३ मोठ्या तबकड्या बसल्या. त्यांच्यावरच्या उन्हानं वाफ तयार करून हजारो भाविकांचा स्वयंपाक करायची सोय झाली. ही वाफ आधीच्या बॉयलरच्याच पाइपात जात होती. ऊन नसलं तर बॉयलर होताच. आचाऱ्याला काहीच वेगळं करावं लागलं नाही, तो आपला खाली भांड्यापाशी. सूर्यानं माणसाच्या सवयीत यावं, माणसानं सूर्यामागं पळू नये, एवढा फरक.

'सोलर' म्हणजे बंब

घराघरांत खऱ्या अर्थानं पहिल्यांदा पोचला तो गच्चीवरचा पाणी तापवणारा सोलर. आजही आपल्याकडं "सोलर आहे का?" म्हटलं तर निम्मे लोक आंघोळीचं पाणीच समजतात. नाशिकची थंडी तुम्हाला माहीत आहे. निफाडला तर पारा दरवर्षी राज्याच्या बातम्यांत झळकतो. गिझरचं बिल हातात पडायचं, सोलर बसवला की पुढच्याच बिलात फरक दिसायचा.

हा टिकला, कारण याला मिस्त्री मिळाला. बोअरच्या पाण्याचा क्षार नळ्यांत बसतो, वर्षा-दोन वर्षांनी साफ करावा लागतो, काचेची नळी फुटली तर बदलावी लागते. गावचा प्लंबर हे शिकला. नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळू लागली. ज्या दिवशी एखादी वस्तू तालुक्याच्या बाजारात दुरुस्त होऊ लागते, त्या दिवशी ती खरी रुजते, असं माझं मत आहे.

अंधाराची वर्षं

मी पत्रकारितेत आलो ते दिवस भारनियमनाचे. दाभोळचा प्रकल्प २००१ साली बंद पडला होता. २००५ च्या जूनमध्ये वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या, पाट्या बदलल्या, अंधार तोच. राज्यात चार-पाच हजार मेगावॉटची तूट असायची. एकलहऱ्याच्या धुरांड्यातून निघणारा धूर जिल्ह्याला दिसायचा, पण एकलहऱ्याच्या आजूबाजूच्या खेड्यांतही वीज जायची. सबस्टेशनवर मोर्चा ही आमची आठवड्याची ठरलेली बातमी होती.

शेतीची वीज तर रात्रीची. एक आठवडा दिवसा आठ तास, दुसरा आठवडा रात्री दहा तास, असं चक्र. रात्री बारा-एकला थ्री फेज आली की शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन पाणी भरायला निघणार. गोदाकाठच्या उसात बिबट्या, बांधावर साप, स्टार्टरला हात लावला तर करंट. निफाड, दिंडोरी, सिन्नर या पट्ट्यात ज्यानं रात्री पाणी भरलंय, त्याला 'दिवसा वीज' या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

त्याच काळात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर सौर पथदिवे आले. मी अशा एका पाड्याच्या उद्घाटनाला गेलो होतो. नारळ फुटला, फोटो झाले, पोरं दिव्याखाली रात्री उशिरापर्यंत खेळली. पहिल्या पानावर नाही, पण आतल्या पानावर चांगली बातमी लागली. तीन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी त्या पाड्यावर गेलो. खांब उभा, पॅनल जागेवर, दिवा बंद. बॅटरी संपली होती. काही खांबांवरच्या बॅटऱ्या तर चोरीलाच गेल्या होत्या. विचारलं, तक्रार केली का? एक म्हातारे बाबा म्हणाले, "कोनाकडं करायची, दादा? लावनारे आले व्हते, नाव सांगितलं नाही."

मी ती बातमी दिली नाही. उद्घाटनाची दिली होती, बंद पडल्याची नाही. याची आजही खंत आहे. आपल्याकडं सौरऊर्जेचा इतिहास असाच लिहिला गेलाय. नारळाच्या तारखा सगळ्या सापडतात, दिवा विझल्याची तारीख कोणी लिहीत नाही.

भाव पडले आणि गाडी सुटली

जानेवारी २०१० मध्ये केंद्रानं राष्ट्रीय सौर मोहीम सुरू केली. २०२२ पर्यंत २० हजार मेगावॉट, असं उद्दिष्ट. तेव्हा हे स्वप्नच वाटायचं, कारण त्या सुरुवातीच्या निविदांमध्ये सौर विजेचा दर युनिटला साधारण ११ ते १३ रुपये निघाला होता. पण पुढच्या दहा वर्षांत चीनच्या कारखान्यांनी पॅनलचे भाव जगभर जवळपास नव्वद टक्क्यांनी पाडले. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या एका लिलावात दर चक्क १ रुपया ९९ पैशांवर आला. कांद्याचा भाव पडला तर आपण रडतो, हा भाव पडला म्हणून देशाचं नशीब बदललं.

आपल्या शेजारी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला, महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ साली सुरू झाला. तेव्हा तो राज्याचं भूषण होता. २०१५ साली केंद्रानं उद्दिष्ट पाचपट केलं, २०२२ पर्यंत एक लाख मेगावॉट, त्यातलं ४० हजार घरांच्या आणि इमारतींच्या छपरांवर. मोठ्या प्रकल्पांनी जोर धरला. एक लाखाचा टप्पा जानेवारी २०२५ मध्ये का होईना, ओलांडला गेला. छपरांचं लक्ष्य मात्र २०२२ ला निम्म्यावरही पोचलं नाही.

का? कारण माळरानावर हजार एकर घेणाऱ्या कंपनीकडं वकील असतो, इंजिनीअर असतो, बँक असते. छपरावर पॅनल बसवणाऱ्या माणसाकडं एक फाइल असते आणि तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो.

मीटर उलटं फिरलं

छपरांचं चित्र बदललं ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे नेट मीटर. राज्य वीज नियामक आयोगानं त्याचे नियम २०१५ साली केले. दिवसा तुमच्या छपरावर जास्तीची वीज झाली तर ती तारेतून महावितरणकडं जाते, रात्री तुम्ही त्यांची घेता, महिन्याच्या शेवटी वजाबाकी. म्हणजे बॅटरी नको, सूर्यामागं पळणं नको, सवयी बदलणं नको. शिर्डीच्या आचाऱ्याला जे सुख मिळालं, तेच घरातल्या माणसाला मिळालं.

दुसरी म्हणजे फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली पीएम सूर्यघर योजना. एक कोटी घरांचं लक्ष्य, ७५ हजार कोटींहून जास्त तरतूद. एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यावर ७८ हजार अनुदान, थेट खात्यात. एक किलोवॉट म्हणजे दिवसाला सरासरी चार युनिट धरा. तीन किलोवॉटला महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. मध्यमवर्गीय घराचं बिल जवळपास शून्य. मार्च २०२५ मध्ये देशात दहा लाख घरांचा टप्पा पार झाला. गुजरात पहिला, आपण दुसरे.

जगातही हेच झालंय. जर्मनीनं १९९९ ला एक लाख छपरांची योजना काढली आणि २००० साली कायदाच केला की तुमच्या छपरावरची वीज ठरलेल्या भावानं वीस वर्षं घेतली जाईल. ऑस्ट्रेलियात आज साधारण तीन घरांमागं एका घरावर पॅनल आहेत. शेजारच्या पाकिस्तानात तर सरकारी योजनेची वाट न बघता, महाग वीज आणि अंधाराला कंटाळून लोकांनी २०२४ या एका वर्षात सुमारे १७ हजार मेगावॉटचे पॅनल बाहेरून आणवले. पण तिथं एक गोम झाली. ज्यांच्याकडं पैसा आणि गच्ची, ते सुटले. वीज कंपन्यांचा ठरलेला खर्च मात्र उरलेल्यांच्या, म्हणजे गरिबांच्या बिलावर चढत गेला. ही गोम आपल्यालाही लक्षात ठेवायला हवी.

माझ्या गच्चीवरची गोष्ट

मी पण टाकलं. तीन किलोवॉट. पहिल्या महिन्याचं बिल आलं तेव्हा आईनं ते देवापुढं ठेवलं. खोटं सांगत नाही.

मग पावसाळ्यात एकदा दुपारी वीज गेली. ऊन होतं, पॅनल होते, पण घरात पंखा बंद. आई म्हणाली, "अरे, सोलर आहे ना आपलं?" सोलर आहे, पण लाईन गेली की तेही बंद पडतं. हे तसंच असतं आणि ते बरोबर आहे. खांबावर वायरमन काम करत असताना तुमच्या छपरावरून तारेत वीज सुटली तर तो माणूस जागेवर जाईल. म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. मला हे बसवताना कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?

दुसऱ्या वर्षी इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला. ज्यांनी बसवलं त्यांना फोन केला. "सर, उद्या माणूस पाठवतो." उद्या, परवा, तेरवा. एकोणीस दिवस गेले. कडक ऊन आणि एक युनिट नाही. शेवटी आमच्याच गल्लीतल्या आयटीआय झालेल्या पोरानं येऊन बघितलं. एक जोडणी सैल झाली होती. वीस मिनिटांचं काम. मी पत्रकार, चार नंबर माझ्या फोनमध्ये आहेत, तरी एकोणीस दिवस. विधवा मावशीनं कर्ज काढून टाकलं असेल तर तिनं कोणाला फोन करायचा?

तेव्हा मला त्या पाड्यावरचे बाबा आठवले. कोनाकडं करायची, दादा?

शेतात काय चाललंय

शेतीसाठी दोन रस्ते आहेत, लोक ते एकात मिसळतात. पहिला म्हणजे अख्खा फिडर सौर करायचा. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, सुरुवात राळेगणसिद्धी आणि यवतमाळच्या कोळंबीपासून. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. तीत सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभा करायचा आणि त्या फिडरवरच्या शेतकऱ्यांना दिवसा वीज द्यायची. खासगी जमीन भाड्यानं घेतली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी तीन टक्के वाढ. या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प आपल्या येवल्याच्या पुढं, वैजापूर तालुक्यात धोंदलगावला २०२४ मध्ये सुरू झाला. अवघा तीन मेगावॉटचा, पण सतराशेच्या वर शेतकऱ्यांना दिवसा पाणी भरता येऊ लागलं. मोटार तीच, स्टार्टर तोच, फक्त वेळ बदलली.

दुसरा रस्ता म्हणजे प्रत्येकाच्या विहिरीवर स्वतंत्र पंप. मागेल त्याला सौर कृषिपंप. दहा टक्के भरा, अनुसूचित जाती-जमातीसाठी पाच टक्के. तीन, पाच, साडेसात हॉर्सपॉवर, जमिनीप्रमाणे. डिसेंबर २०२५ मध्ये एका महिन्यात ४५ हजारांहून जास्त पंप बसवले म्हणून राज्याची गिनेस बुकात नोंद झाली.

विक्रमाबद्दल अभिनंदन. पण बसवणं आणि चालवणं यात फरक आहे. विम्यासह दुरुस्तीची हमी पाच वर्षांची. आपल्याकडं गारपीट कशी होते, द्राक्षवाल्याला विचारा. वाऱ्यानं स्ट्रक्चर आडवं झालं, पॅनल चोरीला गेलं, तर पाचव्या वर्षापर्यंत कागदावर कोणीतरी आहे. सहाव्या वर्षी? तारेची वीज बंद पडली तर शेतकरी निदान सबस्टेशनवर मोर्चा नेतो. स्वतःच्या पंपासाठी तो मोर्चा कुठं नेणार?

जमीन कोणाची, गच्ची कोणाची

सौरऊर्जा स्वच्छ आहे, पण तिला जागा लागते. आणि जागा कोणाची तरी असते. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील विसरू नका. वीज प्रकल्पासाठी पाच एकर जमीन गेली, मोबदला चार लाख. न्याय मागत चौऱ्याऐंशी वर्षांचा तो माणूस मंत्रालयात गेला आणि तिथं त्यानं टोकाचं पाऊल उचललं. २८ जानेवारी २०१८ ला जे. जे. रुग्णालयात ते गेले. मोबदला वाढवायची भाषा त्यानंतर सुरू झाली. स्वच्छ विजेलाही डाग लागू शकतो, तो असा.

आणि गच्ची? पंचवटीत एका खोलीत भाड्यानं राहणाऱ्याला गच्ची कुठली? सातपूर-अंबडच्या कामगाराला? सोसायटीत गच्ची सगळ्यांची, म्हणजे कोणाचीच नाही. २०२५ मध्ये राज्यानं दारिद्र्यरेषेखालच्या आणि शंभर युनिटच्या आत वीज वापरणाऱ्या घरांसाठी 'स्मार्ट' नावाची योजना आणली, केंद्राच्या अनुदानावर राज्याची भर. पाऊल योग्य आहे. पण पत्र्याच्या छपराला पॅनलचं वजन पेलेल का, आणि ज्याला छप्परच स्वतःचं नाही त्याचं काय, हे प्रश्न उरतात.

शिवाय सूर्य सहाला मावळतो आणि आपला टीव्ही, स्वयंपाकघर, एसी सातला सुरू होतो. तेव्हा अजून एकलहऱ्याचे २१०-२१० मेगावॉटचे तीन जुने संच आणि राज्यातले त्यांचे भाऊबंद कोळसा जाळतात. म्हणूनच जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापराला घरगुती ग्राहकांना स्मार्ट मीटरवर सवलत सुरू झाली. दिवसाची वीज आता भरपूर आहे, प्रश्न संध्याकाळचा आहे. पुढची दहा वर्षं बॅटरीची असणार.

तर मग, टाकायचं का?

टाका. बिनधास्त टाका. रात्रीचं पाणी, भारनियमन, सगळं बघितलेला माणूस दुसरं काय सांगणार?

पण सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. बिघडलं तर तालुक्यात माणूस कोण, त्याचा नंबर काय? इन्व्हर्टरची हमी किती वर्षांची, लेखी आहे का? पाच वर्षांनी वार्षिक देखभालीचे किती घेणार? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा बघा. आणि सकाळी ऊन चढायच्या आत महिन्यातून दोनदा पॅनल धुवा. आपल्याकडची धूळ कमी नाही.

आणि सरकारकडं, लोकप्रतिनिधींकडं एकच मागणी करू या. जितके पॅनल बसवले त्याचा आकडा जाहीर होतो, तसाच पाच वर्षांनी त्यातले किती चालू आहेत याचाही आकडा तालुकानिहाय जाहीर व्हावा. आपल्या आयटीआयमधल्या पोरांना हे काम शिकवा, गावातच रोजगार आहे. माझ्या गल्लीतल्या त्या पोराकडं आता आठवड्याला तीन-चार कामं असतात. अ‍ॅडम्सकडं आरसे होते, मास्तरांकडं कुकर होता, पाड्यावर दिवा होता. तो पोरगा मात्र कोणाकडंच नव्हता.

तुमच्या गावातला, पाड्यावरचा एखादा सौर दिवा किंवा पंप बंद असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव आणि कधीपासून बंद आहे ते लिहा. वीस वर्षांपूर्वी जी बातमी मी दिली नाही, ती यावेळी द्यायचीय.